घरांतला मुका सोबती जातो तेव्हां



माझ्या आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांना हंसूं आलें असेल. जगांत एवढीं मोठालीं दुःखें असतां कोणाच्या घरांतलें मांजर मेलें, किंवा कांचेच्या भांड्यांतला मासा उलटा तरंगूं लागला, यावर वीस मिनिटें बोलण्यासारखें काय आहे, असें कोणीहि विचारील. मीहि एके काळीं विचारलें असतें. परंतु ज्या घरांत लहान मूल आहे आणि त्याच्या जोडीला एखादें जनावर आहे, त्या घरांत हा प्रसंग आज ना उद्यां यावयाचाच. आयुष्याचा हिशेबच तसा आहे. कुत्रा साधारणपणें दहा ते तेरा वर्षें जगतो. घरांत वावरणारें मांजर बारा-पंधरा वर्षें काढतें. पिंजऱ्यांतल्या बजरीगर जातीच्या रंगीत पांखराची सोबत पांच ते आठ वर्षांची. आणि हॅमस्टर नांवाचा तो गालफुगा उंदीर तर दोन-तीन वर्षांचाच पाहुणा. मूल बालवाडींतून शाळेच्या शेवटच्या इयत्तेपर्यंत जातें, तेवढ्या अवकाशांत त्याचा सोबती पिलाचा म्हातारा होऊन जातो. म्हणून पुष्कळ मुलांची मृत्यूशीं पहिली ओळख आजी-आजोबांच्या अंथरुणापाशीं होत नाहीं. ती एखाद्या रिकाम्या टोपलीपाशीं होते.

ही पहिली ओळख किरकोळ समजूं नये. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहराच्या आसपास वाढलेल्या हजारों मुलांची माहिती जन्मापासून वर्षानुवर्षें टिपून ठेवण्यांत आली आहे. त्यांतल्या सहा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून अमेरिकेंतील संशोधकांनीं केलेला एक अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. पाळीव प्राण्याचा मृत्यू पाहिलेल्या मुलांत मनाच्या अस्वास्थ्याचीं लक्षणें अधिक आढळलीं, घरांतल्या इतर अडचणी हिशेबांत घेऊनहि तीं उरलींच, आणि मुलग्यांच्या बाबतींत तीं जास्त ठळक होतीं. 'मुलगा आहे, त्याला काय होतें' असें म्हणणाऱ्या घरांनीं हें शेवटचें वाक्य लक्षांत ठेवावें. याचा अर्थ जनावर पाळूंच नये, असा मात्र कोणीं काढूं नये.

मी हें बोलतें आहें तें केवळ वाचलेल्या गोष्टींच्या आधारावर नव्हे. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीं आमच्याकडून एक मोठी चूक घडली. ती सांगितल्याशिवाय पुढचें बोलणें मला प्रामाणिकपणाचें वाटणार नाहीं.

आमच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा होता. त्याची जात विचारूं नका. गल्लींतलाच एक, पावसांत भिजत आमच्या जिन्याखालीं आलेला. माझी मुलगी तेव्हां दोन वर्षांची होती. ती चालायला शिकली तशी त्याच्या पाठीला धरूनच शिकली, असें म्हटलें तरी चालेल. ती पांच वर्षांची असतां एके दिवशीं पहांटे मोती फाटकाबाहेर गेला आणि दुधाच्या गाडीखालीं सांपडला. मुलगी झोपेंतून उठण्याच्या आंत माझ्या यजमानांनीं त्याला नेऊन पुरलें, मीं फरशी धुवून काढली, आणि चहा पितांना आम्हां दोघांचें ठरलें कीं, पोरीला कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं. ती उठल्यावर मीं तिला सांगितलें, "मोतीला कोंकणांत तुझ्या आजोळीं पाठविलें आहे. तेथें त्याला हुंदडायला मोठें अंगण आहे." ती थोडी हिरमुसली, पण तिनें तें मानलें. आम्हांला वाटलें, केवढें संकट टळलें!

भाद्रपदांत आम्ही गणपतीला माझ्या माहेरीं गेलों. गाडींतून उतरल्याबरोबर मुलगी माझा हात सोडून धांवत मागच्या अंगणांत गेली आणि मोतीला हांका मारूं लागली. तिनें गोठ्यांत पाहिलें, विहिरीच्या पलीकडे पाहिलें, माडांच्या आळ्यांतून पाहिलें. तिच्या फ्रॉकच्या खिशांत चार बिस्किटें होतीं. रात्रभरच्या प्रवासांत त्यांचा चुरा झाला होता. माझ्या भावाचा मुलगा आठ वर्षांचा. तो भाबडेपणानें म्हणाला, "मोती तर गाडीखालीं मेला ना? आत्यानें पत्रांत लिहिलें होतें." मुलीनें माझ्याकडे वळून पाहिलें. ती रडली नाहीं. ती रडली असती तर मला बरें वाटलें असतें.

त्याच वर्षीं हिंवाळ्यांत माझ्या सासऱ्यांना रुग्णालयांत हलवावें लागलें. ते आमच्याजवळच राहत. दारांत गाडी उभी होती, आणि मुलीनें आजोबांच्या धोतराचा सोगा दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता. मीं तिला समजावीत म्हटलें, "आजोबा बरे होऊन परत येणार आहेत." ती म्हणाली, "त्यांनाहि कोंकणांत पाठवणार का?" आजोबा नवव्या दिवशीं खरोखरच बरे होऊन घरीं आले. परंतु ते नऊ दिवस माझ्या एकाहि शब्दावर तिनें विश्वास ठेवला नाहीं, आणि तसा तो न ठेवण्याचा तिला पुरा अधिकार होता.

असत्य हें मुलाच्या दुःखावरचें औषध होत नाहीं तें यासाठीं. तें दुःख पुढें ढकलतें, आणि ढकलतांना त्यावर व्याज चढवितें. शिवाय मुलाला दोन दुःखें होतात: एक सोबती गेल्याचें आणि दुसरें घरच्यांनीं फसविल्याचें. माशाच्या बाबतींत तर हा मोह फारच बळावतो. मूल शाळेंत असतां बाजारांतून त्याच रंगाचा दुसरा मासा आणून सोडला कीं झालें, असें पुष्कळ आईबापांना वाटतें. मूल शेपटीवरचा ठिपका ओळखतें, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

अमेरिकेंत मुलांसाठीं दूरचित्रवाणीवर चालणाऱ्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमांत १९८२ च्या डिसेंबरांत असाच पेंच पडला. त्यांत मिस्टर हूपर या दुकानदाराचें काम करणारे विल ली हे नट वारले. दुकानदार दुसरीकडे राहावयास गेला, असें दाखविण्याची सोय होती. म्हणजे आमचें कोंकणच म्हणा ना! परंतु कार्यक्रम करणाऱ्यांनीं बालमानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि १९८३ च्या नोव्हेंबरांत, २४ तारखेला, तो दुकानदार मेला आहे आणि तो परत येणार नाहीं, असें लक्षावधि मुलांना सरळ शब्दांत सांगितलें. 'बिग बर्ड' नांवाचें मोठें पिवळें पांखरूं त्याच्यासाठीं चित्र काढून आणतें, आणि तें घ्यायला कोणी नाहीं असें त्याला हळूहळू उमगतें, असा तो प्रवेश आहे. त्यापूर्वीं, १९७० मध्यें, फ्रेड रॉजर्स या गृहस्थांनीं आपल्या मुलांच्या कार्यक्रमांत मेलेला मासा पाण्यांतून काढून मातींत पुरला होता, आणि आपल्या लहानपणीं गेलेल्या कुत्रीची आठवण सांगितली होती. एका माशासाठीं इतका वेळ! परंतु मुलांच्या लेखीं तो वेळ योग्यच होता.

आतां, खरें सांगावयाचें म्हणजे कोणत्या शब्दांत सांगावयाचें? येथें आपली भाषा आपल्याला अडवते. माणसाविषयीं आपण 'मेला' म्हणत नाहीं. तो वारतो, जातो, देवाघरीं जातो, कैलासवासी होतो. आणि गंमत अशी कीं, जो शब्द मेलेल्याविषयीं आपल्या जिभेवर येत नाहीं, तोच जिवंत मुलावर रागावतांना 'मेल्या' म्हणून दिवसांतून दहा वेळां येतो! मोठ्यांच्या जगांत हे पडदे शोभून दिसतात. लहान मूल मात्र शब्दाचा जेवढा अर्थ ऐकूं येतो तेवढाच घेतें. 'झोपला' म्हटलें तर उठण्याची वाट पाहतें. आणि कित्येक मुलांना तर पुढें स्वतः अंथरुणावर पडण्याचीच भीति वाटूं लागते, कारण झोपलेला उठत नाहीं असें त्यांनीं पाहिलेलें असतें. 'गेला' म्हटलें तर कोठें गेला, म्हणून विचारतें. 'आजारी होता म्हणून मेला' एवढेंच सांगितलें तर पुढच्या सर्दी-पडशाला आपलीहि तीच गत होणार अशी धास्ती घेतें. 'देवाला आवडला म्हणून देवानें नेला' हें वाक्य तर मुलाच्या कानानें एकदां ऐकून पाहा. जो जो आवडतो त्याला देव नेतो, असें कळल्यावर आईला फार आवडून घेण्याचा धीर त्या मुलाला कसा व्हावा?

माझ्या मतें साधारण असें सांगावें: "मोती मेला. त्याला गाडीचा जोराचा धक्का लागला आणि त्याचें शरीर चालेनासें झालें. आतां त्याला दुखत नाहीं, भूक लागत नाहीं, थंडी वाजत नाहीं. तो परत येणार नाहीं. मलाहि फार वाईट वाटतें आहे." एवढें पुरे. हें घरच्या माणसानें, शक्यतों आईनें किंवा वडिलांनीं, मुलाजवळ बसून सांगावें. उभें राहून, कामाच्या गडबडींत सांगूं नये. आणि सांगून झाल्यावर गप्प बसावें. आपण मोठीं माणसें शांततेला फार भितों, आणि ती भरून काढण्यासाठीं चॉकलेटें देऊं लागतों.

या वाक्यांची निवड मीं उगीच केलेली नाहीं. मुलांना मृत्यूचा अर्थ एकदम कळत नाहीं. तो तुकड्यातुकड्यांनीं कळतो. १९४८ सालीं मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं बुडापेस्टकडील तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशीं बोलून, त्यांच्याकडून लिहवून आणि चित्रें काढवून घेऊन याचा मागोवा घेतला. पांच वर्षांच्या आंतील मुलांना मरण म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते. मेलेला कोठें तरी जगतच असतो. त्यानंतर नऊ वर्षांपर्यंत मृत्यु हा कोणी येऊन घेऊन जाणारा मनुष्य वाटतो, ज्याला चुकवितां येईल असा. नऊ-दहाच्या सुमारास मुलाला कळतें कीं, तो सर्वांना आहे. पुढच्या संशोधकांना मधली पायरी इतर देशांतल्या मुलांत तेवढी स्पष्ट दिसली नाहीं. १९८४ मध्यें स्पीस आणि ब्रेंट या दोघांनीं तोंवरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून सांगितलें कीं, मुलाला तीन गोष्टी समजाव्या लागतात: मेलेला परत येत नाहीं, मेलेल्या शरीराचीं सर्व कामें थांबतात, आणि जें जें जिवंत आहे तें तें केव्हां तरी मरतें. बहुतेक मुलांना या तिन्ही गोष्टी पांच ते सात वर्षांच्या दरम्यान कळूं लागतात. कोणाला आधीं, कोणाला मागाहून.

म्हणून चार वर्षांचें मूल "मनी मेली" असें शेजाऱ्यांना मोठ्यानें सांगतें आणि संध्याकाळीं तिच्या वाटीत दूध घालावयास लावतें, तेव्हां तें वेडेपणा करीत नसतें. त्याला पहिली गोष्ट अजून कळावयाची आहे. तेंच मूल "मनी केव्हां येईल?" हा प्रश्न दिवसांतून आठ वेळां विचारील. आपण सातव्या वेळीं चिडतों. परंतु तें उत्तर विसरलेलें नसतें. उत्तर कालच्याइतकेंच आजहि खरें आहे कीं नाहीं, हें तें ठोकून पाहत असतें. दर वेळीं तेंच उत्तर त्याच शब्दांत द्यावें. आणि मातींत तिला गुदमरत नाहीं का, रात्रीं भीति वाटत नाहीं का, असें मूल विचारतें तेव्हां तें दुसऱ्या गोष्टीशीं झगडत असतें. 'शरीर थांबलें म्हणजे श्वास घेण्याची गरजच उरत नाहीं' हें उत्तर मोठ्यांना रुक्ष वाटेल. मुलाला त्यानें सुटल्यासारखें वाटतें.

तिसरी गोष्ट मात्र जड आहे. "आई, तूंहि मरशील?" हा प्रश्न आला कीं आपला हात थांबतो. 'छे छे, मी कोठें मरतें!' असें म्हणण्याची घाई करूं नये. 'पुष्कळ म्हातारी झाल्यावर बहुतेक माणसें मरतात. मी अजून फार दिवस तुझ्याजवळ राहीन असें मला वाटतें. आणि मी नसलें तरी तुला सांभाळणारीं बाबा, आजी, मावशी हीं सारीं माणसें आहेत.' मूल विचारीत असतें मरणाविषयीं, पण त्याला हवें असतें तें हें कीं, सकाळीं आपली वेणी कोण घालणार.

आतां मीं ज्याला या विषयाचें खरें दुखरें ठिकाण समजतें त्याकडे येतें. तें म्हणजे अपराधाची भावना. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानें १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, लहान मुलाला आपल्या इच्छेनें आणि विचारानें बाहेरच्या गोष्टी घडतात असें वाटतें. आपण चालतों म्हणून चंद्र चालतो, असें मानण्याचें तें वय. काल आपण मनीला लाथ मारली, 'जा, मर' म्हटलें, आणि आज ती मेली. मग तिला मारलें कोणीं? मूल हें कोणापाशीं बोलत नाहीं. तें एकाएकीं फार शहाण्यासारखें वागूं लागतें, किंवा उगीचच त्रास देऊं लागतें. अशा मुलानें विचारलें नाहीं तरी आपणच म्हणावें: "तूं रागावलास म्हणून मनी मेली नाहीं. रागावल्यानें कोणी मरत नाहीं."

परंतु कधीं कधीं मुलाच्या हातून खरोखरच चूक झालेली असते. तेव्हां काय करावें? आमच्या शेजारीं नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याच्याजवळ निळें बजरीगर होतें. (देशी पोपट पाळण्याची पुष्कळांना हौस असते, १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याप्रमाणें तो अपराध आहे, हें जातां जातां सांगून ठेवतें.) एका दुपारीं दाणे घातल्यावर त्याच्याकडून पिंजऱ्याचें दार उघडें राहिलें. पांखरूं खिडकीबाहेर गेलें आणि समोरच्या पत्र्यावर कावळ्यांनीं त्याला मारलें. मुलानें तें पाहिलें. वडिलांनीं त्याला पोटाशीं धरून सांगितलें, "तुझी कांहीं एक चूक नाहीं." त्यांचें मन मोठें होतें, पण वाक्य खोटें होतें, आणि मुलाला तें माहीत होतें. तो दोन दिवस जेवला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच्या आजीनें त्याला भाजी निवडायला जवळ बसविलें आणि म्हणाली, "दार तुझ्याकडून उघडें राहिलें, हें खरें. तूं विसरलास. मारलें कावळ्यांनीं. विसरणें आणि मारणें एक नव्हे. माझ्याकडूनहि एकदां पाडस विहिरीपाशीं मोकळें राहिलें होतें; अजून आठवतें मला." मुलगा तिच्या मांडीवर डोकें ठेवून तासभर रडला आणि रात्रीं जेवला. आजीनें कोणताहि ग्रंथ वाचलेला नव्हता. तिनें चूक नाकारली नाहीं, तिचें माप मात्र बरोबर करून दिलें, आणि चूक करणारा तूं एकटाच नव्हेस, असें सांगितलें. याहून अधिक कांहीं कोणता मानसोपचारज्ञ करील, असें मला वाटत नाहीं.

म्हाताऱ्या किंवा असाध्य दुखणें लागलेल्या जनावराला पशुवैद्याकडून इंजेक्शन देवविण्याची वेळ येते, ती गोष्ट निराळी सांगावी लागते. त्यांत भूल आणणाऱ्या औषधाची फार मोठी मात्रा देतात. जनावराची शुद्ध हरपते, आणि मग त्याचें हृदय थांबतें. मोठीं माणसें याला 'झोपवलें' म्हणतात. मुलापुढें हा शब्द नको, हें मीं आधींच सांगितलें. 'हें औषध माणसांच्या तापावरच्या औषधासारखें नसतें. डॉक्टर तुला जें इंजेक्शन देतात तें बरें करण्यासाठीं असतें' हें स्पष्ट सांगावें. नाहीं तर पुढच्या वेळीं दवाखान्याच्या दारांत तें मूल आकांत करील, आणि कां, तें तुम्हांला कळणारहि नाहीं. शक्य असेल तर आदल्या दिवशींच सांगावें, म्हणजे मुलाला निरोप घेतां येतो. निर्णय मात्र मुलावर टाकूं नये. 'काय करूं या, सांग' असें दहा वर्षांच्या मुलाला विचारणें हा त्याचा मान राखणें नव्हे; तें ओझें त्याच्या खांद्यावर जन्मभर राहतें.

मेलेलें जनावर मुलाला दाखवावें कीं नाहीं? त्याला पाहावयाचें असेल तर दाखवावें. नको असेल तर आग्रह करूं नये. दाखविण्यापूर्वीं, तें थंड आणि ताठ लागेल, डोळे उघडे असतील, तें हलणार नाहीं, असें सांगून ठेवावें. अपघातांत देह फार विद्रूप झाला असेल तर टॉवेलांत गुंडाळून पंजा किंवा शेपूट तेवढें मोकळें ठेवावें. मुलाच्या कल्पनेंतलें चित्र बहुधा प्रत्यक्षाहून भयंकर असतें. आमच्या मुलीनें मोती पाहिला नाहीं; पुढें कितीतरी वर्षें तिच्या स्वप्नांत तो चाकाखालींच असे.

पुरणें किंवा दहन करणें यांत मुलाला कांहीं काम द्यावें. फूल ठेवूं द्यावें, माती लोटूं द्यावी, दगडावर रंगानें नांव लिहूं द्यावें. ज्यांच्या घरापुढें जमीन आहे त्यांनीं खड्डा तीन फूट तरी खोल घ्यावा, नाहीं तर रात्रीं भटकीं कुत्रीं तो उकरतात, आणि मग मुलाला जें पाहावें लागतें तें न सांगितलेलें बरें. सदनिकांत राहणाऱ्यांपुढें जागेचीच अडचण. मासा किंवा लहान पांखरूं मोठ्या कुंडींत पुरतां येतें. कुत्र्या-मांजराचें तसें होत नाहीं. मुंबईंत महानगरपालिकेनें अशा लहान जनावरांसाठीं २०२३ सालीं मालाड येथें वायूवर चालणारी दहनाची सोय केली आहे. जुदिथ व्हायोर्स्ट या अमेरिकन लेखिकेच्या १९७१ सालच्या एका लहानशा पुस्तकांत आई आपल्या मुलाला मेलेल्या मांजराविषयीं दहा चांगल्या गोष्टी आठवायला सांगते. त्याला नऊच आठवतात. दहावी त्याला मागाहून बागेंत, वडिलांबरोबर बीं पेरतांना सांपडते. हा आठवणींचा उपाय आपल्या घरांतहि करून पाहण्यासारखा आहे. मात्र मुलाला मनी बोचकारायची, तीहि गोष्ट सांगूं द्यावी. मेलेल्याविषयीं चांगलेंच बोलावें, हा नियम मांजराला लावण्याचें कारण नाहीं.

घरांतलीं वडील माणसें म्हणतील, जनावराचें सुतक नसतें, हें काय चालविलें आहे! सुतक नसेना. परंतु मुलानें त्या दिवशीं गोड नको म्हटलें तर त्याला तेवढा मान द्यावा. आणि मनी आतां कोठें आहे, या प्रश्नाला ज्या घरांत जी श्रद्धा असेल तिला धरून उत्तर द्यावें. फक्त शरीर येथेंच आहे आणि तें परत उठणार नाहीं, हें आधीं सांगून मग. महाभारताच्या शेवटीं युधिष्ठिर कुत्र्याला टाकून इंद्राच्या रथांत चढावयास तयार होत नाहीं, ही गोष्ट मी अशा वेळीं सांगत असतें. ती ऐकून माझ्या नातवानें लगेच विचारलें, "मांजराचें काय?" व्यासांनीं आमची सोय केलेली नाहीं, असें मला कबूल करावें लागलें.

मुलाचें रडणें मोठ्यांच्या रडण्यासारखें सलग नसतें. तें दहा मिनिटें ऊर फुटेतों रडतें आणि उठून चेंडू खेळावयास जातें. 'एवढेंच होतें का प्रेम!' असें त्याला म्हणूं नये, आणि दुसऱ्या बाजूनें 'एका कुत्र्यासाठीं किती रडतोस' असेंहि म्हणूं नये. एकच मूल हीं दोन्ही वाक्यें एका दिवसांत ऐकतें, हें मीं पाहिलें आहे. बाहुलीला पुरण्याचा खेळ कोणी मांडला तर घाबरून तो मोडूं नये. मुलें न समजलेली गोष्ट खेळूनच समजून घेतात. आपल्याला रडूं आलें तर आड जाऊन रडण्याचें कारण नाहीं. वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, म्हणजे गणितांत लक्ष नाहीं म्हणून त्याला उभें केलें जाणार नाहीं. मात्र कित्येक आठवडे लोटूनहि झोप आणि जेवण ठिकाणावर येत नसेल, मूल शाळेला जाण्याचें टाळीत असेल, स्वतःलाच दोष देत बसत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि 'मलाहि मोतीकडे जावयाचें आहे' असें तें पुनःपुन्हा म्हणूं लागलें, तर त्याच दिवशीं.

राहिला दुसरें जनावर आणण्याचा प्रश्न. लगेच आणूं नये. फुटलेली बरणी बदलावी तसें जनावर बदललें, तर आपण मेलों तर आईबाप दुसरें मूल आणतील, असा हिशेब मूल करील, आणि त्या हिशेबांत चूक काढणें कठीण जाईल. मुलानें आपण होऊन विषय काढीपर्यंत थांबावें.

गेल्या वर्षीं माझ्या मुलीच्या घरीं मनी मेली. चौदा वर्षांची होऊन मूत्रपिंडें निकामी झालीं. म्हाताऱ्या मांजरांचें हें नेहमींचें दुखणें. मी तेव्हां तेथेंच होतें. नातू सहा वर्षांचा. तो शाळेंतून आल्यावर माझ्या मुलीनें त्याचे बूट काढले, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मनी मेली." मी स्वयंपाकघराच्या दारांत उभी होतें. माझ्या मनांत आलें, हिला हें कोणीं शिकविलें? तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. नातवानें तीन प्रश्न विचारले: दुखलें का, डोळे मिटलेले आहेत का, आणि तिच्या जेवणाचा उरलेला डबा कोणाला द्यावयाचा. मग तो आगगाडी खेळत बसला, आणि रात्रीं दिवा मालवल्यावर रडला. त्याची आई त्याच्याजवळ पडून होती. तीहि रडत होती, आणि मला वाटतें, ती एकट्या मनीसाठीं रडत नव्हती.

पांच महिन्यांनीं त्यानें आपण होऊन मांजराचें पिलूं मागितलें. पिलूं घरीं आलें त्या दिवशीं मी सहज म्हणालें, "हिलाहि मनीच म्हणूं या." त्यानें माझ्याकडे जरा आश्चर्यानें पाहिलें आणि म्हणाला, "नाहीं आजी. मनी झाली आहे. हिचें दुसरें कांहीं तरी."